मामा, मला मामांनी धरलंय: एका चलनाचं प्रकरण

सकाळी साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, मला मामांनी धरलंय." पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, इथे वाहतूक पोलिसाला सगळे मामाच म्हणतात. या वाक्यातला पहिला मामा मी, दुसरा चौकातला.

भाचा औश्याचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी करतो. गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर, म्हणजे नंबर एमएच-२४, लातूरचा. हेल्मेट डोक्यावर होतं. हे आधीच सांगतो, कारण पुण्यात कुठलंही चलन ऐकवायला घेतलं की समोरचा पहिलं तेच विचारतो.

मी कर्वेनगरात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसतो. सात गाड्या, नऊ ड्रायव्हर. रोज चहाच्या आधी सातही नंबरांची चलनं बघायची, कुठलं कोणाच्या ड्यूटीतलं ते लावायचं आणि मग पगाराच्या दिवशी भांडायचं, हे माझं काम. त्यामुळे प्रकरण हातात घेतलं ते मामा म्हणून, पण बघितलं धंद्याच्या सवयीने. चौकाचं नाव देत नाही. तसे चौक शहरात पुष्कळ आहेत.

भाच्याने सांगितलं ते असं. सिग्नल सुटला, तो डावीकडून निघाला. चौक ओलांडला की झाडाच्या सावलीत तिघे उभे असतात, त्यातला एक हात करत पुढे आला. "घे बाजूला." पहिला प्रश्न वेगाचा नव्हताच. "कुठला रे? काय करतोस?" मग लायसन. ते डिजीलॉकरमध्ये होतं. इन्शुरन्स होता, पीयूसीही चालू होती. सगळे कागद बघून झाल्यावर, "लई जोरात आलास."

"साहेब, आत्ताच तर सिग्नल सुटला."

"सुटला म्हणून विमान करायचं का?"

मशीन काढलं, गाडीचा फोटो घेतला, भाच्याच्या वडिलांच्या मोबाइलवर औश्यात मेसेज वाजला. भावजींनी घाबरून ताईला विचारलं, ताईने मला लावला, तोवर मी तिथे पोचलो होतो आणि सगळं आटोपलेलं होतं.

मी पहिलं विचारलं, पैसे मागितले का? "नाही." तोडपाणीची भाषा? "नाही मामा, रीतसर चलन केलं." हे मुद्दाम नोंदवतो. पुण्यात पोलिसाने अडवल्याची गोष्ट सांगायला लागलं की ऐकणारा आधीच चिरीमिरीपाशी जाऊन बसतो. इथे ती नव्हती. उन्हात आठ तास उभं राहणाऱ्या एका हवालदाराने सरळ मार्गाने कारवाई केली होती, आणि तरी ती कारवाई मला पटली नाही.

कारण तो फोटो.

दुपारी लिंक उघडली. कलम १८३, वेगमर्यादेचं उल्लंघन, रक्कम १००० रुपये. खाली पुरावा म्हणून छायाचित्र: गाडी साइड स्टँडवर उभी, हेल्मेट आरशाला लटकवलेलं, मागे रसवंतीचा गाडा आणि गाड्यापाशी उसाच्या चोयट्यांचा ढीग. नंबरप्लेट अगदी स्वच्छ दिसत होती. वेग किती होता, मर्यादा किती होती, कुठल्या यंत्राने मोजला, यातलं काहीच नव्हतं. स्टँडवर लावलेल्या गाडीला वेगाचं चलन लागलं होतं.

इथे थोडा कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३. २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला वेगासाठी १००० ते २००० रुपये दंड, मध्यम आणि जड वाहनाला २००० ते ४०००. पण त्याच कलमाचं तिसरं पोटकलम फार थोडे लोक वाचतात. एका साक्षीदाराला गाडी जोरात वाटली, एवढ्यावर वेगाच्या गुन्ह्यात कोणालाही दोषी धरता येत नाही. तो अंदाज एखाद्या यंत्राने मोजलेला असावा लागतो. हेल्मेट नाही हे डोळ्याला दिसतं, सिग्नल तोडला हे दिसतं, ट्रिपल सीट दिसते. वेग मात्र डोळ्याला 'वाटतो'. आणि कोणाचा वाटतो यात डोळ्याच्या मागचं बरंच काही मिसळलेलं असतं: सायलेन्सरचा आवाज, पोराचं वय, केसांचा कट, गाडीचा नंबर.

भाचा म्हणाला, "मामा, भरून टाकतो. हजारासाठी अभ्यास कुठं बुडवू?" बहुतेक जण हेच करतात, नाहीतर लोक अदालतीची वाट बघतात, तिथे कमी रकमेत मिटतं म्हणून. मी थांबवलं त्याला कारण वेगळं होतं. त्याच कलमात लिहिलंय की वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर लायसन जप्त होऊन निलंबनासाठी जातं. न केलेल्या गुन्ह्याचे हजार भरायचे आणि वर पहिला नंबरही लावून ठेवायचा, हा सौदा मला महागडा वाटला.

संध्याकाळी मी स्वतः तो पट्टा गाडीवरून दोनदा फिरलो. वेगमर्यादेचा फलक कुठे आहे ते बघायचं होतं. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर कारला कमाल ७० आणि दुचाकीला ६०. त्याहून कमी मर्यादा घालायची असेल तर कलम ११२ प्रमाणे तशी अधिसूचना लागते आणि रस्त्यावर फलक लावावे लागतात. पहिल्या फेरीत फलक दिसलाच नाही. दुसऱ्या फेरीत दिसला, कारण मी जवळजवळ चालतच होतो. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागून लाल वर्तुळाचा काठ आणि एक शून्य बाहेर आलेलं. अलीकडचा आकडा भाऊंच्या फेट्याआड. तीस, चाळीस की पन्नास, ते भाऊंनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच चौकात समोरच्या टपरीवर तासभर बसलो. दोन चहा, एक क्रीमरोल. त्या वेळात दहा गाड्या बाजूला घेतल्या गेल्या. नऊ दुचाकी, एक भाजीचा टेम्पो. नऊपैकी सहांचे नंबर बाहेरगावचे: सोलापूर, बीड, नांदेड, धाराशिव. एका चौकातल्या एका तासावरून शहराचा हिशोब मांडता येत नाही, तेवढं मलाही कळतं. पण त्याच तासात उजव्या लेनमधून दोन कार सिग्नल लाल व्हायच्या आत निसटायला अशा सुटल्या की टपरीवाल्याने पातेलं धरून मान वळवली. हवालदारानेही वळवली. हात मात्र वर गेला नाही.

मी त्याच्या जागी असतो तर माझाही गेला नसता. साठने येणाऱ्या एसयूव्हीपुढे कोण उभं राहणार? पुणे-पिंपरी पट्ट्यात पोलिसाला बॉनेटवर घेऊन गाडी दामटल्याचे प्रकार झालेले आहेत. त्या माणसाच्या हातात शिट्टी आणि चलनाचं मशीन, बाकी काही नाही. तो थांबवू शकतो अशीच गाडी थांबवतो: डावीकडून येणारी, सिग्नलवरून नुकती सुटलेली, म्हणजे हळू चालणारी. चौकात हाताने अडवून वेगाची कारवाई करायची म्हटलं की सापडणार ते कमी वेगाचेच. हा त्या हवालदाराचा दोष नाही, ती पद्धतच तशी आहे. पण बाहेरगावचा नंबर निवडणं हे पद्धतीच्या माथी मारता येत नाही. तो डावीकडून येणाऱ्या पन्नास गाड्यांमधून केलेला चॉइस आहे. लातूर-बीडचं पोर कागदात कुठेतरी सापडतं, आणि सापडलं की वर फोन लावायला त्याच्याकडे कोणी नसतं, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे असं माझं मत झालंय.

आता माझं स्वतःचं. त्याच महिन्यात माझ्याही नावावर वेगाचं एक चलन पडलं, २००० रुपयांचं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना, तेव्हाच्या साठच्या मर्यादेत चौऱ्याहत्तर. हे चलन आणि भाच्याचं चलन शेजारीशेजारी ठेवलं की फरक लगेच कळतो. माझ्या चलनावर चालत्या गाडीचा फोटो, वेळ, ठिकाण, मोजलेला वेग, मर्यादा, सगळं. बोगद्याकडून येताना 'वेगावर नजर आहे' असा फलकही होता, तो मी रोज वाचतो आणि रोज विसरतो. कॅमेऱ्याने कारवाई करायची तर तसा फलक आधी लावणं बंधनकारक आहे. २०२१मध्ये केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम आला, त्यात ते आहे. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नव्याने हवं आणि नोटीस पंधरा दिवसांत पोचायला हवी, हेही त्यातच. मी त्याच संध्याकाळी पैसे भरले. वाद घालायला जागाच नव्हती.

आमचे ड्रायव्हर वाद घालतात. त्यांचं ठरलेलं वाक्य, "गन चुकीची होती." त्यांना एकदा समजावून सांगितलं. स्पीडगन लेझरचे ठोके गाडीवर मारते आणि परत यायला लागलेल्या वेळातला फरक मोजते. बहुतेक वेळा नेम नंबरप्लेटवर असतो, ती उजेड चांगला परतवते म्हणून. गन रस्त्याच्या कडेला तिरकी धरली तर कोनामुळे वेग कमी दिसतो, जास्त नाही. म्हणजे त्या बाबतीत चूक झाली तर ड्रायव्हरच्या फायद्याची. २०२५मध्ये केंद्राने वैधमापनाच्या नियमांत रडारवर चालणाऱ्या वेगमापकांनाही आणलं. मंडईतल्या तराजूला जसा शिक्का लागतो तसा त्यांनाही लागायचा. ऐकून आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे आता भांडायचं पण बंद?"

नवले पुलाच्या उतारावर कडक मर्यादा का, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. बोगद्यापासून सलग उतार. अवजड गाडीवाला डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतो, इंजिनाचा धरबंद सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि खाली पुलाजवळ शहराची गर्दी लागलेली असते. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका ट्रकने तिथे एकामागून एक ४८ गाड्या ठोकल्या. १३ नोव्हेंबर २०२५ला कंटेनर, कार आणि आग. आठ माणसं गेली. त्यानंतर मर्यादा आणखी खाली आणली. तिथे चलन झालं की मी कुरकुर करत नाही आणि ड्रायव्हरलाही करू देत नाही.

मग कॅमेरा आला की सगळे सारखे? मलाही तसंच वाटायचं. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक भाऊ आहेत. काळी एसयूव्ही, काचा त्याहून काळ्या आणि नंबर ४१४१, असा रंगवलेला की मराठीत 'दादा' वाचावा. एकदा पार्किंगमध्ये त्यांनी मोबाइल पुढे केला. "बघ, एक पण पेंडिंग नाही." रोज बायपासने जातात, आणि साठने जात असतील यावर त्यांच्या मातोश्रीही विश्वास ठेवणार नाहीत. पण कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर आकडे वाचतं, 'दादा' वाचत नाही. जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची मुदत राज्यात किती वेळा पुढे ढकलली ते सगळ्यांनी पाहिलंय. मी, भाचा आणि आमच्या सात पिवळ्या नंबरप्लेटवाल्या गाड्या कॅमेऱ्याला नीट दिसतो. भाऊ दिसत नाहीत. चौकातल्या हवालदाराला ते दिसतात, पण तो त्यांना हात करत नाही. दोन्ही जाळ्यांतून सुटणारा मासा एकच.

पुण्याला याचं मोठं उदाहरण शोधावं लागत नाही. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. त्या गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती, १७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं. कोट्यवधीची गाडी नोंदणीशिवाय शहराच्या रस्त्यावर आणि कोणत्याच चौकात तिला कोणी 'घे बाजूला' म्हटलं नव्हतं. अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि मग शहर पेटलं, ते सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातला १७५८चा आकडाच जास्त छळतो. त्याच शहरात लातूरच्या पोराची पीयूसी तारखेनिशी तपासली जाते.

तर भाच्याचं चलन. ऑनलाइन तक्रार टाकली. तीनच प्रश्न विचारले: वेग कुठल्या यंत्राने मोजला, किती मोजला, आणि पुराव्याच्या फोटोत गाडी उभी का आहे. दोन आठवडे काही हललं नाही. मग प्रिंट काढून दोघे जण साहेबांच्या टेबलापाशी गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला सर्व्हर डाउन. तिसऱ्या खेपेला भेटले.

फौजदार साहेब चांगले निघाले. फोटो बघितला, चष्मा काढला, परत लावला. "ही किती स्पीडने उभी होती?" म्हणाले आणि स्वतःच हसले. मग भाच्याला, "बस रे." मला त्यांनी जे सांगितलं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. चौकातल्या प्रत्येकाकडे गन नसते, फार थोड्या असतात, आणि असतात त्या मोठ्या रस्त्यांवर. चौकातल्या माणसाने मशीनवर वेगाचं कलम निवडायलाच नको. पण दिवसाच्या शेवटी किती केसेस केल्या हे विचारलं जातं, कोणाच्या केल्या हे विचारलं जात नाही. "त्याला वाटलं पोरगं जोरात आलंय, त्याने यादीतलं पहिलं बटण दाबलं." त्यांचा सूर सफाई देण्याचा नव्हता, वैतागाचा होता.

मी विचारलं, "साहेब, बाहेरगावच्या नंबरांचंच का?"

ते क्षणभर गप्प बसले. "काका, चोरीच्या गाड्या पण तिकडच्याच नंबरावर सापडतात."

"आणि ४१४१?"

यावर त्यांनी शिपायाला चहा सांगितला.

चलन रद्द झालं. भाच्याच्या नावावर वेगाचा गुन्हा राहिला नाही. हिशोब मांडायचा तर हजार रुपये वाचवायला तीन खेपा, माझी दीड दिवसाची रजा, भाच्याची अभ्यासिकेतली खिडकीजवळची जागा (एक दिवस उशिरा गेलं की दुसरा बसतो, मग भांडून उपयोग नसतो) आणि ताईचे रोजचे दोन फोन. भावजींचं म्हणणं अजून हेच आहे की भरून टाकले असते तर बरं झालं असतं. खर्चाच्या बाजूने ते चूक नाहीत. ज्याला मामा नाही त्याने हे कसं करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. हवालदाराला कोणी काही विचारलं की नाही, तेही कळलं नाही, आणि त्याला मेमो मिळावा अशी माझी इच्छाही नव्हती. मला तो फलक मोकळा करून हवा होता. तो अर्ज वेगळ्या खिडकीला द्यायचा असतो, असं सांगण्यात आलं.

मधे एकदा भाच्याने विचारलं, "मामा, गाडी एमएच-१२ करून घेऊ का?" ना हरकत, रोड टॅक्स, एजंटचे पैसे, सगळा खर्च सांगितल्यावर विषय संपला. परवा सहज विचारलं, अभ्यासिका दहा मिनिटांवर, मग वीस मिनिटं आधी का निघतोस? या आठवड्यात दोनदा थांबवलं म्हणाला. चलन नाही, काही नाही, लायसन बघितलं, कुठला विचारलं, सोडलं.

"मग दहा मिनिटं जास्त कशाला?"

"मामांसाठी," म्हणाला.